लॅपटॉपला दोन मॉनिटर आणि तारेचं इंटरनेट: एका केबलचा हिशेब

टेबलाशी बसलं की लॅपटॉपला एकच यूएसबी-सी केबल लावायची आणि दोन मॉनिटर, कीबोर्ड, इंटरनेट, चार्जिंग सगळं सुरू व्हावं. उठताना तीच केबल काढून लॅपटॉप बॅगेत टाकावा. ही मांडणी नक्की जमते, पण दिसेल तो हब, म्हणजे एका पोर्टातून अनेक पोर्टं देणारा डबा, आणून जमत नाही. दुसरा मॉनिटर लागत नाही, फोर-के मॉनिटरवर माउस अडखळत चालतो, चित्र उत्तम पण इंटरनेट निम्म्याहून कमी, या तक्रारी वेगवेगळ्या वाटतात. बहुतेक वेळा त्यांचं मूळ एकच असतं. चित्र आणि नेटवर्क एकाच केबलमधून जातात आणि त्या केबलमध्ये किती मावतं हे खरेदीच्या वेळी कोणी पाहिलेलं नसतं. म्हणून इथे आधी हिशेब, मग खरेदी आणि शेवटी जोडणी असा क्रम ठेवला आहे.

आधी लॅपटॉपचं पोर्ट ओळखा

यूएसबी-सी हा फक्त भोकाचा आकार आहे. त्या आकारामागे चार वेगळ्या गोष्टी असू शकतात: फक्त डेटा देणारं पोर्ट, डेटासोबत चित्र देणारं, म्हणजे डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड असलेलं पोर्ट, यूएसबी-४, आणि थंडरबोल्ट. पोर्टशेजारी वीज चमकल्यासारखा बाण असेल तर ते थंडरबोल्ट. इंग्रजी डी अक्षरात पी बसवलेलं चिन्ह असेल तर चित्र मिळेल. बॅटरीचं किंवा प्लगचं चिन्ह फक्त चार्जिंगबद्दल सांगतं. काहीच चिन्ह नसेल तर लॅपटॉपच्या तळाशी असलेला पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या तपशील पानावर ‘डिस्प्लेपोर्ट’ हा शब्द शोधा. एकाच नावाच्या लॅपटॉपच्या स्वस्त आणि महाग आवृत्त्यांत पोर्टं वेगळी असतात, त्यामुळे फक्त मालिकेचं नाव पाहून भागत नाही.

लॅपटॉपची ग्राफिक्स चिप एकूण किती पडदे चालवते तेही इथेच पाहा. इंटेलच्या सहाव्या ते दहाव्या पिढीच्या साध्या लॅपटॉप चिप आतला पडदा धरून तीन चालवतात; आयरिस एक्सई ग्राफिक्स असलेल्या चिप चार. मॅकबुक एअरमध्ये एम१ आणि एम२ चिप बाहेरचा एकच मॉनिटर चालवते, एम३ झाकण बंद ठेवल्यास दोन, आणि २०२५ ची एम४ एअर झाकण उघडं असतानाही दोन. ही मर्यादा साधा हब घेऊन ओलांडता येत नाही.

चार लेनचा हिशेब

पूर्ण क्षमतेच्या यूएसबी-सी केबलमध्ये जलद वाहतुकीच्या चार लेन असतात, आणि त्यांच्याशिवाय जुन्या यूएसबी २.० साठी तारांची एक वेगळी जोडी असते. साध्या हबमध्ये, म्हणजे थंडरबोल्ट नसलेल्या, या चार लेनची वाटणी दोनच प्रकारे होते. एक तर दोन लेन चित्राला आणि दोन लेन यूएसबी ३ ला. नाहीतर चारही लेन चित्राला. दुसऱ्या प्रकारात हबवरचं सगळं बाकी सामान, म्हणजे पेनड्राइव्ह, वेबकॅम आणि लॅन (तारेच्या नेटवर्कचं) पोर्टसुद्धा, यूएसबी २.० च्या ४८० मेगाबिटवर येऊन पडतं. त्या ४८० मधून लॅनला प्रत्यक्षात जेमतेम ३०० च्या आसपास मिळतात. गिगाबिट लिहिलेल्या हबवर गिगाबिट का मिळत नाही, याचं उत्तर अनेकदा एवढंच असतं.

आता चित्राला किती लागतं ते पाहू. ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलताना, १९२० × १०८० च्या एका मॉनिटरला साधारण ३.३ ते ३.५ गिगाबिट प्रतिसेकंद लागतात, २५६० × १४४० ला ५.८, आणि फोर-के म्हणजे ३८४० × २१६० ला १२.८ च्या आसपास. दुसऱ्या बाजूला, डिस्प्लेपोर्ट १.२ च्या लॅपटॉपमध्ये चार लेन मिळून १७.२८ गिगाबिट कामाला येतात आणि दोन लेनमध्ये ८.६४. डिस्प्लेपोर्ट १.४ असेल तर चार लेनमध्ये २५.९२ आणि दोनमध्ये १२.९६.

हे आकडे समोरासमोर ठेवले की खरेदीचा निर्णय आपोआप होतो. जुना १.२ चा लॅपटॉप आणि दोन १०८० चे मॉनिटर: सात गिगाबिटच्या आत काम होतं, दोन लेन पुरतात, लॅनला पूर्ण वेग मिळतो. त्याच लॅपटॉपवर दोन १४४० चे मॉनिटर लावले तर ११.६ लागतात, दोन लेनमध्ये बसत नाहीत, म्हणून चार लेन जातात आणि नेटवर्क घसरतं. एक फोर-के ६० हर्ट्झला लावला तरी तेच. १.४ च्या लॅपटॉपवर, हबही १.४ चा असेल तर, दोन १४४० दोन लेनमध्ये मावतात आणि एक फोर-के अगदी काठोकाठ. डीएससी नावाचं चित्र आकुंचन लॅपटॉप आणि डॉक (टेबलावर ठेवायचा मोठा हब) दोघांनाही येत असेल तर आणखी जागा मिळते, पण एकालाच येत असेल तर उपयोग नाही.

थंडरबोल्ट ३ व ४ मध्ये हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. तिथे एकूण ४० गिगाबिट असतात आणि चित्राला दिल्यानंतर उरलेलं डेटाला मिळतं. थंडरबोल्ट ४ च्या पोर्टने ६० हर्ट्झचे दोन फोर-के मॉनिटर चालवलेच पाहिजेत अशी अटच आहे. दोन फोर-के आणि पूर्ण गिगाबिट लॅन एकाच केबलमधून हवं असेल तर थंडरबोल्ट डॉकवरचा खर्च सार्थकी लागतो. दोन १०८० च्या मॉनिटरसाठी तो खर्च करू नका.

हब घ्यायचा की असलेली पोर्टं वापरायची

लॅपटॉपला स्वतःचं एचडीएमआय आणि लॅन पोर्ट असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: तीच आधी वापरा. एक मॉनिटर एचडीएमआयवर, दुसरा यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबलने, इंटरनेट लॅन पोर्टवर. उठताना एकाऐवजी तीन-चार केबली काढाव्या लागतात, पण चित्र आणि नेटवर्क एकमेकांच्या वाटेत येत नाहीत आणि बिघाड शोधणं सोपं जातं. गेमिंग लॅपटॉपवर मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांत एचडीएमआय थेट मोठ्या ग्राफिक्स कार्डाला जोडलेलं असतं, त्यामुळे मॉनिटर लावताच ते कार्ड जागं राहतं आणि साधं टायपिंग करतानाही पंखा फिरत राहतो.

हब घेणार असाल तर खोक्यावरच्या ‘फोर-के’ शब्दापुढे किती हर्ट्झ लिहिलंय ते वाचा. एचडीएमआय १.४ चा हब फोर-के ३० हर्ट्झलाच देतो. माउस अडखळण्याचं कारण ते. ६० साठी एचडीएमआय २.० लागतं. हबवर दोन एचडीएमआय असतील तर ती एमएसटी पद्धतीने चालतात की डिस्प्लेलिंकने, हे विचारा. एमएसटीमध्ये एकाच डिस्प्लेपोर्ट प्रवाहातून दोन चित्रं जातात. विंडोज आणि लिनक्सवर ती वेगवेगळी दिसतात. मॅकओएसवर दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र उमटतं आणि कोणतीही सेटिंग ते बदलत नाही. म्हणजे मॅकसाठी दोन एचडीएमआयचा साधा हब घेणं व्यर्थ.

डिस्प्लेलिंक ही वेगळी पद्धत. चित्र प्रोसेसरकडून आकुंचन करून साध्या यूएसबी डेटासारखं पाठवलं जातं, म्हणून चित्र न देणाऱ्या पोर्टवरही आणि एम१ मॅकवरही जादा मॉनिटर लागतात. ड्रायव्हर बसवावा लागतो, आणि मॅकवर पडदा रेकॉर्ड करण्याची परवानगी द्यावी लागते. ऑफिसचे तक्ते, कोड, ईमेल यांसाठी ही सोय छान आहे. व्हिडिओ संपादन, गेम किंवा कॉपी-संरक्षित चित्रपट पाहण्यासाठी नाही. मॅकवर चित्रपटाच्या जागी काळा चौकोन दिसू शकतो.

केबल आणि वीज

फोनच्या चार्जरसोबत आलेल्या यूएसबी-सी केबलमध्ये बहुधा फक्त यूएसबी २.० च्या तारा असतात. तिने चार्जिंग होईल, चित्र कधीच येणार नाही. डॉकसोबत आलेलीच केबल वापरा. ४० गिगाबिटची साधी केबल एक मीटरच्या आत ठेवा. दोन मीटर हवी असेल तर आत इलेक्ट्रॉनिक्स असलेली, अॅक्टिव्ह प्रकारची घ्या. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबल एकाच दिशेने चालते: लॅपटॉपकडे डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरकडे एचडीएमआय. उलट दिशेसाठी वीज लागणारा वेगळा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. दुकानात या दोन वस्तू सारख्याच दिसतात.

चार्जर हबमधून लावणार असाल तर हब स्वतःसाठी १० ते १५ वॉट ठेवून घेतो. ६५ वॉटच्या लॅपटॉपला हबमागे ६५ चाच चार्जर दिला की जड कामात प्लग लावलेला असूनही बॅटरी उतरते. १०० वॉटचा चार्जर आणि पाच अँपिअरची केबल द्या. साधी तीन अँपिअरची केबल ६० वॉटवर थांबते.

आपल्याकडे एक गोष्ट विशेष सांभाळावी लागते. वीज गेली की हबमागचा चार्जर बंद पडतो, आणि अनेक हब त्या क्षणी स्वतःला पुन्हा सुरू करतात. दोन्ही मॉनिटर काळे होतात आणि लॅन तुटते, जरी राउटर यूपीएसवर सुरू असला तरी. म्हणून हबचा चार्जर, मॉनिटर, राउटर आणि फायबर इंटरनेटचा डबा या चौघांनाही एकाच इन्व्हर्टरवर ठेवा, आणि इन्व्हर्टरची कळ यूपीएस मोडवर असू द्या, कारण त्या मोडमध्ये बदल लवकर होतो. २४ इंची दोन मॉनिटर, ६५ वॉटचा लॅपटॉप आणि राउटर मिळून भार दीडशे वॉटच्या आतच राहतो. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस घेत असाल तर राउटर आणि फायबरचा डबा, दोन्हींच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्या.

तीन पिनच्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर बहुधा ते नाही.

राउटरपासून टेबलापर्यंत

नव्या इमारतींत मायवान पद्धतीच्या भिंती अखंड काँक्रीटच्या असतात. दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय तिथे मरतं. तार ओढणं हाच पक्का उपाय, पण अशा भिंतीत खाच मारू नका. ती भिंत इमारतीचा भार पेलते. टीव्ही किंवा टेलिफोनच्या जुन्या पाइपातून तार जाते का ते आधी पाहा, नाहीतर स्कर्टिंगवरून केसिंग पट्टी मारा. विजेच्या तारांच्या पाइपात लॅन घालू नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

घरापुरती कॅट-६ पुरे. गिगाबिट तर १०० मीटरपर्यंत कॅट-५ई सुद्धा देते. महत्त्वाचं आहे ते तांबं. स्वस्त गुंडाळ्यांमध्ये अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. अशी तार वाकवताना तुटते आणि सांध्यात सैल पडते. ‘शुद्ध तांबं’ लिहिलेलीच घ्या. पाइपातून ओढायला एकसंध तारेची, टेबलावरच्या हालचालीसाठी बारीक तारांची तयार पॅचकॉर्ड.

टोकाला प्लग स्वतः बसवणार असाल तर तारांच्या रंगांचा ठरलेला ५६८-बी क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या मध्ये निळी जोडी येते, हे विचित्र वाटतं आणि नेमकी तिथेच चूक होते. रंग ओळीने लावून दोन्ही टोकं सारखी केली तर दिव्यांच्या साध्या टेस्टरवर सगळं ठीक दिसतं. पण तिसरी आणि सहावी तार एकाच पिळाची, म्हणजे एकमेकींभोवती पिळलेल्या एकाच जोडीतली, असावी लागते. ती वेगळ्या पिळांत विभागली गेली की गोंगाट शिरतो, आणि लांब तारेवर लिंक वारंवार तुटते. प्लगजवळ पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका.

फायबरच्या डब्यावरची सगळी लॅन पोर्टं गिगाबिटची असतीलच असं नाही. काही डब्यांवर एकच गिगाबिट असतं आणि उरलेली १०० मेगाबिटची. टेबलाची तार गिगाबिटच्याच पोर्टात जाऊ द्या. डब्याला जोडून स्वतःचा राउटरही असेल तर त्याला अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त जोडणी पुढे देईल. दोघेही उपकरणांना नेटवर्कचे (आयपी) पत्ते देत बसले की वाय-फायवरचा प्रिंटर तारेवरच्या लॅपटॉपला दिसत नाही.

जोडणी आणि सेटिंग

आधी लॅपटॉपचे ग्राफिक्स ड्रायव्हर आणि डॉकचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. मग डॉकला वीज, डॉकला मॉनिटर आणि लॅनची तार, मॉनिटर चालू, आणि शेवटी लॅपटॉपची केबल. मॉनिटर एकेक करून लावा. दोन्ही एकदम लावून काही बिघडलं तर कुठे बिघडलं ते कळत नाही.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले इथे ‘एक्स्टेंड’ निवडा. ‘आयडेंटिफाय’ दाबून क्रमांक पाहा आणि चौकोन टेबलावरच्या प्रत्यक्ष जागेप्रमाणे ओढा. वरच्या-खालच्या कडा जुळवल्या नाहीत तर माउस एका ठिकाणी पार होतो आणि दुसरीकडे अडतो. ‘अॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये प्रत्येक मॉनिटरचे हर्ट्झ तपासा, ३० दिसलं तर केबल किंवा हब कमी पडतोय. अक्षरांच्या आकारासाठी १०८० च्या २४ इंचीला १०० टक्के, फोर-केच्या २७ इंचीला १५० टक्के ठेवून पाहा. १४ इंची लॅपटॉपचा पडदा बाजूला ठेवला की त्याला १२५ ते १५० लागतात. प्रमाणं फार वेगळी असतील तर जुने प्रोग्रॅम दुसऱ्या पडद्यावर धूसर दिसतात. त्यांना ज्या पडद्यावर उघडायचं तोच मुख्य पडदा करा. झाकण बंद ठेवून काम करायचं तर पॉवर पर्यायांत ‘झाकण बंद केल्यावर काहीही करू नये’ हे फक्त प्लग लावलेल्या स्थितीसाठी निवडा. बॅटरीसाठीही निवडलंत तर बॅगेतला लॅपटॉप सुरूच राहून तापेल.

मॉनिटरला थेट यूएसबी-सी असेल तर त्याच्या स्वतःच्या मेनूत चित्राला प्राधान्य की डेटाच्या वेगाला, असा पर्याय अनेकदा असतो. ती वर सांगितलेली चार लेनची वाटणीच आहे. मॉनिटरमधूनच लॅन घेत असाल तर डेटाचा पर्याय निवडून चित्र किती टिकतं ते पाहा.

वाय-फाय आणि तार दोन्ही सुरू असताना विंडोज सहसा तारेलाच पसंती देतं, पण तारेची लिंक १०० मेगाबिटवर घसरली की वाय-फाय पुढे जाऊ शकतं. तारेच्या अडॅप्टरच्या आयपीव्ही४ गुणधर्मांत ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन आपोआप मेट्रिकची (प्राधान्याच्या आकड्याची, लहान आकडा आधी) खूण काढा आणि तारेला १०, वाय-फायला ५० द्या. मॅकवर नेटवर्क सेटिंगमध्ये सेवांचा क्रम बदलून इथरनेट वर घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ ही खूण काढा. झोपेतून उठल्यावर इंटरनेट नसण्याचं ते नेहमीचं कारण.

राउटरमध्ये लॅपटॉपला कायमचा पत्ता दिला असेल तर तो डॉकच्या मॅक पत्त्याला, म्हणजे नेटवर्क उपकरणाच्या ओळख क्रमांकाला (अॅपलच्या मॅकशी संबंध नाही), बांधला जातो. त्याच डॉकवर घरातला दुसरा लॅपटॉप लावला की तोच पत्ता त्याला मिळतो. काही व्यावसायिक लॅपटॉपच्या बायोसमध्ये (सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) लॅपटॉपचाच मॅक पत्ता डॉकमधून पुढे पाठवायची सोय असते. ऑफिसच्या नेटवर्कवर ती लागते.

वेग मोजा, मग दोष शोधा

घरातल्या दुसऱ्या तारेवरच्या संगणकाकडे दोन-तीन गिगाबाइटची एक फाइल कॉपी करा, दोन्ही मॉनिटर सुरू असताना. सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास मिळालं तर गिगाबिट पूर्ण आहे. ३५ च्या आसपास अडकलं तर लॅन यूएसबी २.० वर गेली आहे. एक मॉनिटर काढून किंवा रेझोल्यूशन उतरवून केबल पुन्हा लावा, वेग वाढला तर लेनचाच प्रश्न. ११ वर थांबलं तर लिंक १०० मेगाबिटची आहे. गिगाबिटला आठही तारा लागतात आणि १०० ला चारच, त्यामुळे एखादी तार तुटली की जोडणी चालू राहते पण वेग दहावा हिस्सा होतो. आधी पॅचकॉर्ड बदला, मग प्लग, मग राउटरचं पोर्ट.

लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ताच दिलेला नाही. तार, डॉक, राउटर याच क्रमाने पाहा.

हब लावल्यावर वाय-फाय मंदावलं किंवा बिनतारी माउस उड्या मारू लागला तर यूएसबी ३ चा गोंगाट कारण असतो. तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. माउसचा डोंगल छोट्या यूएसबी २.० एक्स्टेन्शनने हबपासून हातभर दूर न्या आणि वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर घ्या.

पंखा किंवा ट्यूबलाइटचं बटण दाबताच मॉनिटर सेकंदभर काळा होत असेल तर केबलचं शील्डिंग कमकुवत आहे. आखूड आणि चांगली केबल लावा, आणि मॉनिटरची वायर त्या स्विचच्या सॉकेटवरून हलवा.

बॅगेतला संच

बाहेर जाताना १५.६ इंची १०८० चा पोर्टेबल मॉनिटर पुरेसा. एकाच यूएसबी-सी केबलवर चालतो आणि दहा वॉटच्या आसपास लॅपटॉपच्याच बॅटरीतून घेतो, म्हणून बॅटरीवर बसताना त्याची चमक निम्मी करा. सोबत लॅनचा छोटा यूएसबी ३ अडॅप्टर, दोन मीटरची चपटी पॅचकॉर्ड आणि एचडीएमआय केबल ठेवा. वाय-फाय नसेल तिथे फोनचं इंटरनेट हॉटस्पॉटऐवजी यूएसबी टेदरिंगने घ्या: लिंक जास्त स्थिर राहते आणि फोन चार्जही होतो. त्या जोडणीला विंडोजमध्ये ‘मीटर्ड’, म्हणजे मोजून वापरायची, ठरवून ठेवा, नाहीतर मोठं अपडेट तुमचा दिवसाचा डेटा संपवेल.